सारख्या उंचीचे दोन झेंडे

दुबईत आमच्या मराठी मंडळींच्या पंधरा ऑगस्टला दरवर्षी भाषण मीच करायचो. कुणी म्हटलं नाही तरी करायचो. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, सातवीतल्या लेकीला शाळेच्या इंग्रजी भाषणस्पर्धेसाठी चिठ्ठी उचलून 'वानुआतूचं स्वातंत्र्य' हा विषय मिळाला, तेव्हा मी लगेच म्हणालो, "माझ्यावर सोड. स्वातंत्र्य आपला विषय आहे." वानुआतू हा देश आहे की पोटदुखीवरचं औषध, याचा मला पत्ता नव्हता. ती खाली खेळायला गेल्यावर ॲटलास काढला. पॅसिफिक महासागरात माशी बसून गेल्यासारखे चारदोन ठिपके होते.

मला तेवढं पुरलं. माझं पंधरा ऑगस्टचं भाषण काढलं, भारत खोडून वानुआतू केलं आणि इंग्रजीत उतरवलं. प्रभातफेऱ्या, परदेशी कापडाच्या होळ्या, हसत फासावर जाणारे तरुण, सगळ्यांची त्या बेटांवर बदली केली.

"बाबा, डिड एनीवन रिअली हँग देअर?" लेकीनं विचारलं.

"गेलेच असतील कुणीतरी. त्याशिवाय स्वातंत्र्य मिळतं होय?"

आमच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत एक म्हातारा इंग्रज सर्व्हेअर होता. तरुणपणी त्यानं त्याच बेटांवर नोकरी केली होती, असं कळलं. शाबासकी मिळेल म्हणून मी भाषण त्याला वाचून दाखवलं. कापडाची होळी आली तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. मग सावकाश सांगितलं, की तिथे इंग्रज आणि फ्रेंच एकाच वेळी राज्य करायचे. पोलीस दोन, तुरुंग दोन, कायदे दोन. झेंडेही दोन, आणि एकाचा दुसऱ्यापेक्षा इंचभरही वर जाऊ नये म्हणून दोन्ही साहेब डोळ्यांत तेल घालून बघायचे.

जेवताना मी हे रंगवून सांगितलं. बायकोला ठसका लागेपर्यंत हसू आलं. लेक मात्र म्हणाली, "अँड द पीपल?"

"कोण पीपल?"

"हू लिव्ह्ड देअर."

"ते बघत असतील. तू भात घे."

भाषणात मी यातलं काहीच घातलं नाही. स्वातंत्र्याच्या भाषणात लोक हसले म्हणजे संपलंच.

त्याच महिन्यात आमच्या अल मनखूलच्या घरात एक वेगळी लढाई चालली होती. आठवीपासून लेकीनं पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून शिकावं, असं माझं म्हणणं. तिनं इथेच, आपल्या डोळ्यांसमोर राहावं, असं बायकोचं. मी पुण्याच्या शाळेचा फॉर्म सही करून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. दुसऱ्या दिवशी शेजारी दुबईतल्या एका शाळेचा फॉर्म आला, बायकोच्या सहीचा. मी माझा दोन बोटं वर सरकवला. संध्याकाळपर्यंत तिचाही दोन बोटं वर आला होता.

स्पर्धेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो. भाषण मला पाठ होतं, त्यामुळे लेकीबरोबर ओठ हलवायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला तोंडघशी पडलो. ते माझं नव्हतंच. फासावरचे तरुण तर आलेच नाहीत. तिनं दोन पोलीस सांगितले, दोन तुरुंग सांगितले, दोन झेंड्यांची उंची सांगितली आणि म्हणाली, "इट्स लाइक अवर फ्रिज." मग तिनं फ्रिज सांगितला. सभागृह हसलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी एसीच्या जाळीकडे.

पुढचं तिनं शाळेच्या लायब्ररीतून शोधलं होतं. बेटांवरचे लोक ना ब्रिटिश नागरिक होते, ना फ्रेंच. स्वतःच्याच जमिनीवर ते कुणाचेच नव्हते. "एव्हरीबडी मेजर्ड द फ्लॅग्ज. नोबडी आस्क्ड देम," ती म्हणाली. मग ते लोकच बोलायला लागले, आमची जमीन आम्हाला द्या म्हणाले, आणि दोन झेंडे उतरून त्यांचा एक वर गेला. आता कुणी हसत नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

गाडीत बायको म्हणाली, "आपल्यात इंग्रज कोण?"

"मीच असणार. फ्रेंचांना म्हणे स्वयंपाक चांगला येतो."

तिला हसू आलं नाही. मलाही.

घरी पोचल्यावर मी लेकीला विचारलं, "तुला कुठे राहायचंय?" फ्रिजवरचे दोन्ही फॉर्म काढून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आम्ही दोघं समोर उभे. शेवटी तिनं एका फॉर्मवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"हिअर. स्टुडंट्स सिग्नेचर."

दोन्ही फॉर्मवर, आमच्या सह्यांच्या अगदी खाली, ती ओळ होती. महिनाभर मी तो कागद वर सरकवत होतो, आणि ती मला दिसली नव्हती.

"पेन देऊ?" मी विचारलं.

"नॉट येट," ती म्हणाली, आणि दोन्ही फॉर्म घेऊन आपल्या खोलीत गेली.