फोटोत कुठं आवाज येतो

“आधी वळख, मग फोटू,” असं म्हणून तो कॅमेरा पाठीवर ढकलायचा आणि अनोळखी माणसाच्या ओट्यावर खुशाल मांडी घालून बसायचा.

चाकणच्या कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर होतो. तो लातूरकडचा, मोशीत खोली घेऊन राहायचा. गुरुवारी सुट्टी. बाकीचे झोपा काढायचे. हा मला उठवून गाडीवर मागे बसवायचा. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. गड-धबधब्यांचं त्याला अप्रूप नव्हतं. “डोंगर कुटं पळून चाललाय ओ? माणसं बगू.” तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. पत्ता विचारायला थांबतो आणि जेवूनच निघतो.

एकदा भोरच्या पुढे एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. दोन घरं, मध्ये कुंपण, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या जावा. धाकटीने पाणी देता देता हळूच सांगितलं, कुंपणावरच्या शेवग्यावरून दोघींचं कैक वर्षं बोलणं बंद आहे.

झालं! हा उठलाच. “मावशी, उजेड हिकडं चांगला हाय, जरा सरका.” मग पलीकडे जाऊन थोरलीलाही तेच. असं करत करत त्याने दोघींना एकाच पायरीवर आणून बसवलं.

“मी हिच्याशी बोलत न्हाई,” थोरली फणकारली.

“मग बोलू नका की ओ. फोटूत कुटं आवाज येतोय?”

धाकटी खुदकन हसली. थोरलीने तोंडाला पदर लावला, पण तिचेही खांदे हलत होते. तेवढ्यात त्याने फोटो काढला.

पुढे कंपनीने त्याला तमिळनाडूतल्या प्लांटला पाठवलं. जाताना तो फोटो त्याने माझ्याकडे दिला. मोठा, फ्रेम केलेला.

“एकच?” मी विचारलं.

“दोन दिले तर दोघी आपापल्या घरात बगत बसतील. एक असला की दुसरीला यावं लागतंय.”

मी एकटाच गेलो. धाकटीने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग कुंपणापाशी गेली. थोडी घुटमळली. आणि हाक मारली, “आक्का, या की. आपला फोटू आलाय!”

थोरली पिठाचे हात तसेच घेऊन आली. फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रिकाम्या गाडीकडे.

“आन् त्यो कुठं हाय?”