थंडोबानं न पाहिलेलं शहर

माझ्या ड्रायव्हरला सगळा डेपो थंडोबा म्हणायचा, आणि हे नाव ठेवणारा मीच. मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून बेजार होवो, पुढची धूळ उडवत नाहीशी होवो, प्रवासी कानाशी येऊन ओरडोत, ह्या माणसाचा पाय पॅडलवर तसूभर जास्त दाबला जायचा नाही. "पोचायचं ना? पोचू." एवढंच बोलायचा. बावीस वर्षं मी त्याचा कंडक्टर होतो. तेवढ्या वर्षांत आमच्या गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. माझ्या डोक्याचा भुगा मात्र रोज व्हायचा, कारण मी पडलो घाईचा माणूस.

आमची गाडी पहाटे पाचला सुटायची आणि अकराला दक्षिणेकडच्या त्या जुन्या शहरात पोचायची. परतीची वेळ तीनची. मधले चार तास आमचे. लोक कुठून कुठून ते शहर बघायला यायचे, गळ्यात कॅमेरे अडकवून उन्हात माना वर करून फिरायचे, आणि आम्ही रोज तिथे. पण थंडोबानं ते शहर कधी पाहिलं नाही. डेपोच्या फाटकाबाहेर त्यानं पाऊल टाकलं नाही. गाडी लावायची, तोंड धुवायचं, डबा खायचा आणि आडवं व्हायचं ते अडीचपर्यंत.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर भरती झालेल्या एका ड्रायव्हरला परतीच्या वाटेवर डुलकी लागली. तो गेलाच, अकरा प्रवाशांना घेऊन गेला. त्याच्या घरी निरोप सांगायला थंडोबाला पाठवलं होतं. तिथे काय झालं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून दुपारची झोप ही त्याची ड्युटीच झाली. "मी बघत हिंडलो तर मागच्या पन्नास जणांनी काय करायचं?" असं म्हणून कूस बदलायचा.

मग हिंडायचो मी. आणि परतताना नदीवरचा पूल ओलांडला, ऊन तिरपं झालं, की त्याचे डोळे झोप होऊनही जड व्हायला लागायचे. ते मला आरशात दिसायचं. मग मी पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसायचो आणि तोंडाचा पट्टा सुरू करायचो. आज किल्ल्याचा दरवाजा पाहिला, आज तलाव पाहिला, आज रंगाऱ्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्याशी भांडलो. दोन वर्षांत शहर संपलं. शहर ते केवढं आणि माझं तोंड केवढं! तेव्हा मी रचायला लागलो.

त्यातली एक दिवेवाली. शहराच्या मधोमध मनोरा आहे, तो खरा. त्याच्यावर रोज संध्याकाळी दिवा लावायला जाणारी बाई मात्र माझी. वाटेवरच्या लोकांना अंधारात शहर सापडावं म्हणून तिनं चाळीस वर्षं तेलाचं भांडं घेऊन तो जिना चढला, साठाव्या पायरीवर बसून रोज दम खाल्ला, आणि तिच्या बसण्यानं ती पायरी वाटीसारखी खोलगट झाली. थंडोबाला ती एवढी आवडली की मी तिला दोन मुलगे दिले, एक भांडखोर जाऊ दिली, पुढे गुडघेदुखीही दिली. पूल ओलांडला की तोच विचारायचा, "काय म्हणतेय दिवेवाली?"

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. डेपोतला मिस्त्री आमच्या आधी वर्षभर. घरात बसून त्याला करमेना, म्हणून त्यानंच टुमणं लावलं की एकदा ते शहर सगळे मिळून बघून येऊ. थंडोबाची बायको, आमच्या वहिनी, कधी नव्हे त्या लगेच तयार झाल्या. चार तिकिटं काढली. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी थंडोबा माझ्या दारात उभा.

"मास्तर, एक भानगड आहे."

"तुझ्याकडे? भानगड?"

"ते शहर मी पाहिलंय असं घरी सांगितलंय."

मला आधी कळेचना. मी सांगितलेलं तो घरी जाऊन सांगतो हे मला ठाऊक होतं. स्वतः पाहिलं म्हणून सांगतो हे नव्हतं.

"आई अंथरुणाला खिळलेली होती," तो म्हणाला. "ही दिवसभर तिच्यापाशी, बाहेरचं वारं नाही. पहिल्या दिवशी तुझा दरवाजा सांगितला तर हातातलं काम टाकून ऐकत बसली. तुम्ही पाहिलंत, म्हणाली. तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणू?"

"आणि पुढची बावीस वर्षं?"

"विषय निघाला नाही."

मी कपाळावर हात मारला. शेवटी असं ठरलं की पुढे तो चालेल आणि मागून मी छत्री टेकत येईन. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, गाडीतल्या घंटीसारखंच. कुठे काय आहे ते मी त्याला तासभर घोकून घोकून पाठ करून घेतलं. निघताना तो म्हणाला, "तिला सगळ्यात आधी दिवेवालीची पायरी बघायचीय. तेवढी मला नीट दाखव."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं नाही. मी भ्यालो, दुसरं काही नाही. बावीस वर्षं ज्यानं माझ्या शब्दावर डोळे उघडे ठेवले त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की ती बाई नव्हतीच?

दुसऱ्या दिवशी गाडीत थंडोबा प्रवासी म्हणून बसला होता, आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता. शहरात उतरल्यावर मी म्हटलं, मनोरा सगळ्यात शेवटी करू, उन्हं उतरू देत. वहिनींना ते फारसं पटलं नाही, पण चालल्या.

किल्ल्याच्या दरवाजापाशी मी एक टोला दिला. थंडोबा थांबला आणि म्हणाला, "हा दरवाजा." पाठांतर तिथेच विसरला. मिस्त्रीनं बिजागरी हातानं चाचपली आणि म्हणाला, "ग्रीस मागतंय." दोन टोले, पुढे. तलावापाशी त्याला पायऱ्यांचा आकडा आठवला आणि तो त्यानं दोनदा सांगितला. वाचनालयाला मात्र राजवाडा म्हणून मोकळा झाला, आणि आत बाकांवर लोक पेपर वाचत बसलेले. "राजाला वाचायची आवड होती वाटतं," मिस्त्री म्हणाला. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या छत्रीकडे.

दुपारी डबे खाऊन तलावाच्या कडेला सावलीत बसलो. थंडोबा आणि मिस्त्री पाणी भरून आणायला गेले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू? मला ह्यांचा फार राग यायचा. मी सासूबाईंना कुशीवर वळवतेय, त्यांचं अंग पुसतेय, आणि हे रोज महाल बघतायत. एकदा तरी चल म्हणायला काय झालं होतं? पण घरी येऊन सांगायला लागले की राग राहायचा नाही. सासूबाई तर दिवेवालीसाठी जाग्या राहायच्या. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, माझ्या वाटची ती पायरी बघून ये. म्हणून आलेय. नाहीतर ह्या गुडघ्यांना घरचा जिना पुरे आहे."

मी थापा मारल्या होत्या त्या एका माणसाला जागं ठेवायला. त्या कोणाच्या मरणाच्या उशाशी जाऊन बसल्या असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

चारच्या सुमाराला मनोऱ्याशी आलो. आत अरुंद गोल जिना, एका वेळी एकच माणूस मावेल असा. सगळ्यात पुढे वहिनी, मागे थंडोबा, मग मी, शेवटी मिस्त्री. वहिनी मोठ्यानं मोजत चढत होत्या. तिसाव्या पायरीवर दम खाल्ला, पन्नासावीवर खाल्ला. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. साठावी पायरी सपाट होती. वहिनींनी वाकून तिच्यावरून हात फिरवला. मग एकसष्टावीवर फिरवला, बासष्टावीवर फिरवला. खाली उतरून एकोणसाठावीवरही फिरवला.

"अहो, कुठली?" त्यांनी विचारलं.

थंडोबानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घंटीची वाट बघताना आरशात पाहायचा तसं. मी छत्री धरून नुसता उभा राहिलो. माझं तोंड बघूनच त्याला कळलं असावं, कारण त्यानं पुढे मला काही विचारलंच नाही. तो बायकोकडे वळला.

"मला माहीत नाही. मी हे शहर पाहिलेलं नाही. कधीच नाही. तुला सांगितलं ते सगळं ह्याच्या तोंडचं."

"वहिनी," मी म्हटलं, "आणि ती दिवेवाली माझ्या मनची. ती नव्हती. पूल ओलांडला की ह्याला झोप यायची, म्हणून मी तिला केली. चुकलो."

खालून कोणीतरी ओरडलं, "पुढे सरका की!" मिस्त्रीनं तिथूनच सांगितलं, "गाडी फेल आहे. थांबा."

वहिनी साठाव्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई तिचं नाव घेत गेल्या हो." ते ऐकून मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. थंडोबाही खाली मान घालून उभा होता.

"मग तुम्ही काय करायचात इथे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "चार तास?"

"झोपायचो."

"रोज?"

"रोज. नाहीतर गाडी कशी चालवणार?"

"कुठे?"

"डेपोत. वरची खोली आहे, ड्रायव्हर लोकांची."

वहिनी भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं, आता घरचा रस्ता. त्या म्हणाल्या, "मला ती खोली बघायचीय."

"वहिनी, तिथे बघण्यासारखं काय आहे?" मिस्त्री खालून म्हणाला. "सगळ्या डेपोंत तेच. सहा खाटा आणि एक पंखा."

"ते मी ठरवीन," वहिनी म्हणाल्या. आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमच्यावर मी रागावलेय. ते घरी गेल्यावर बघू."

डेपोकडे जाताना छत्री टेकायचं काम पडलं नाही. थंडोबा पुढे होता आणि नेहमीपेक्षा भरभर चालत होता. रखवालदारानं त्याला ओळखलं, किल्ली दिली. वरच्या खोलीत त्या वेळी कोणी नव्हतं. लोखंडी खाटा, दोन खिडक्या, भिंतीला उखडलेला रंग. थंडोबा सरळ खिडकीजवळच्या खाटेशी जाऊन उभा राहिला.

"ही," तो म्हणाला.

आणि मग बोलायला लागला. शर्ट ह्या खिळ्याला टांगायचा, कारण त्या दुसऱ्याला गंज होता. पंखा दोनवर ठेवायचा, तीनवर कुरकुरतो. भिंती आधी हिरव्या होत्या, मग पिवळ्या झाल्या, मग ह्या अशा. एक वाजता ऊन ह्या गजातून बरोबर डोळ्यांवर यायचं, म्हणून उशी पायथ्याकडे घ्यायची. दोन वाजून दहा मिनिटांनी खालच्या कॅन्टीनमधली बाई भांडी आपटायची, तेव्हा जाग यायची, पण डोळे मिटून अजून वीस मिनिटं पडायचं. थंडीत कबुतरं आत यायची, ती त्या कोपऱ्यात. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. एकही गोष्ट त्याला आठवावी लागत नव्हती.

वहिनी खाटेवर बसल्या. गादीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि पडल्याबरोबर झोप लागायची?"

"नाही. आधी घरचं मनात यायचं. आईनं औषध घेतलं असेल का. तू जेवली असशील का, की तिचं करता करता तशीच राहिली असशील. ते सगळं होऊन जायचं, मग लागायची."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"ह्यात सांगण्यासारखं काय आहे?"

वहिनींनी रुमाल काढून डोळे पुसले. मिस्त्रीनं माझी बाही ओढली आणि आम्ही दोघं दाराकडे वळलो. वहिनी खाटेवर जरा सरकल्या, नवऱ्याला जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगा."