न चाखता केलेलं बिरडं

खाण्यावरच्या माहितीपटांमध्ये मी आवाजाचं काम करते. फोडणी तडतडली, नारळ फुटला, भाकरी थापली, की तो आवाज नीट पकडायचा. आमच्या उरणकडच्या घरी हे काम अजून कुणाला फारसं पटलेलं नाही. वडिलांनी जन्मभर न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवला. "कानाला डबड्या लावून उभी राहते आणि त्याचा तिला पगार मिळतो," असं ते पाहुण्यांना सांगतात. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

परक्या घरात शिरलं की माझं पहिलं काम म्हणजे ते घर गप्प करणं. पंखा बंद, पाण्याची मोटर बंद, फ्रिज बंद. फ्रिजला हात लावला की घरच्या बाईचा चेहरा उतरतो. म्हणून मी तिच्यादेखत माझ्या स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवते. चावीशिवाय मी घरी जाऊ शकत नाही, आणि चावी काढताना फ्रिज चालू करायचं विसरत नाही. ही युक्ती पाहून बायका हसतात, मग चहा येतो, आणि पुढचं सगळं सोपं होतं.

या कामात जेवण नेहमी गारच मिळतं. कॅमेऱ्याचं पोट भरेपर्यंत भाताची वाफ गेलेली असते, रश्श्यावर साय धरलेली असते. पण आजवर जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी चुलीच्या कडेला एक भाकरी माझ्यासाठी ऊन ठेवलेली आहे. कानाला डबड्या लावून उभी असलेली पोरगी सकाळपासून उपाशी आहे, हे त्यांना न सांगता दिसतं. त्या सगळ्या बायकांचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते फेडण्याचा माझा काही विचार नाही. तसेच असू देत, बरं वाटतं.

त्यातल्या एका घराबद्दल मात्र सांगायलाच हवं.

म्हसळ्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात आम्ही गेलो होतो. गावदेवीच्या उत्सवाला तिथे सगळ्या गावाचं जेवण असतं, आणि त्यात मान वालाच्या बिरड्याचा. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग गावातल्या बायकांनी गोल करून बसायचं आणि एकेक दाणा सोलायचा. ओला दाणा सालीतून निसटतो तेव्हा बारीकसा 'पुच' असा आवाज येतो. इतक्या बायकांचा तो एकत्र आवाज ऐकून मी इतकी खूश झाले की दिग्दर्शकाने दोनदा खुणावूनही मी माईक हलवला नाही.

नैवेद्य दाखवेपर्यंत जेवण उष्टं करायचं नसतं, म्हणून हे बिरडं न चाखताच करावं लागतं. मीठही खडे मीठ. खडा लहानमोठा झाला की मुठीतलं मीठ बदलतं, त्यामुळे ठरावीक माप चालत नाही. हे सगळं सांभाळणारी एक वयस्कर बाई होती. तिला गावात सगळे काकी म्हणत, मी मावशी म्हणत होते. तिच्या बिरड्यात वर्षानुवर्षं मीठ कधी चुकलं नाही, अशी तिची ख्याती. आजूबाजूच्या गावांतूनही तिला कार्याला बोलावणं यायचं. ती तर घरातही काही चाखत नाही, असं लोक कौतुकाने सांगायचे.

आमचा दिग्दर्शक मुंबईचा. तो या गोष्टीवर बेहद्द फिदा होता. "बस, पूरी फिल्म इसी पे है," तो गाडीत म्हणत होता. "टेस्ट न करता! इमॅजिन कर!" मी म्हटलं, माझी आईही चाखत नाही, पण तिचं चुकतं. ते त्याला आवडलं नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी मावशीच्या घरी चित्रीकरण होतं. उद्याचेच वाल आणि उद्याचंच मीठ घेऊन छोट्या टोपात बिरडं करायचं होतं. मी तिच्या पदराला माईक लावला. कॅमेऱ्यासमोर तिने फोडणी घातली, वाल परतले, कोकम टाकलं, आणि मूठभर मीठ असं काही भिरकावलं की दिग्दर्शक टाळीच वाजवणार होता. मग कॅमेरा बंद झाला. दिग्दर्शक फोनवर बोलत अंगणात गेला, कॅमेरावाला सावली शोधायला गेला. माझ्या कानात मात्र माईक चालूच होता.

मावशीने टोप उचलून मागीलदारी नेला. हाताखाली मदत करणारी तिची सून पाठोपाठ गेली.

"चाख गो बाय, लवकर."

मग चमच्याचा आवाज, भुरका.

"खारट झालंय, आई. उद्या मूठ गच्च भरू नका."

"मला कसं कळनार? त्या तापापासून जिभेला काय पण कळत न्हाय. वास पण न्हाय." मग जरा थांबून, "ह्ये कुनाला समजलं तर चुलीपाशी उभी करतील का कुनी मला?"

मग तिच्या चपलांचा आवाज पुढच्या दाराकडे निघाला. त्यातच मागून सुनेचं अगदी हळू आलं, मला कानावर हात दाबून ऐकावं लागलं. "मी हाय तवर कुनाला कळत न्हाय, आई. तुमी नका घाबरू."

मावशीने ते ऐकलं नव्हतं. तिला कानानेही जरा कमीच ऐकू यायचं.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. न चाखण्याची एवढी कीर्ती, आणि आत ही एवढी भीती. दिग्दर्शकाला सांगितलं असतं तर त्याने मला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. त्याच्या फिल्मला असं वळण मिळालं असतं की विचारू नका. मला त्याचा आधीच राग आला, बिचाऱ्याने काही केलेलं नसताना.

मी मावशीला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. माईक चालू होता, तुम्ही मागे काय बोललात ते माझ्याकडे आहे, दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही.

आधी ती चिडली. "लोकांच्या घरात येऊन चोरून ऐकता व्हय?" म्हणाली. मग आवाज खाली आला. "ते पुसता येतं?"

"येतं. आत्ता तुमच्यासमोर पुसते."

"थांब. मला आधी ऐकव. मी काय काय बोलले, ते मला ठाव पायजे."

मी माझे हेडफोन तिच्या कानाला लावले. अंबाड्यामुळे ते नीट बसेनात, मी हाताने धरून ठेवले. ती मान खाली घालून ऐकत होती. स्वतःचं बोलणं ऐकताना तिने तोंड वाकडं केलं. आणि मग शेवटाला तिची मान एकदम वर आली.

"ह्ये कोन बोललं?"

"सूनबाई. तुम्ही पुढे यायला निघालात, तेव्हा मागून."

"परत लाव."

मी परत लावलं. तिने तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "पुसू नको. पन कुनाला ऐकवू पन नको." मी मान हलवली. स्वयंपाकघरात सून भाकरी थापत होती. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी देवळामागच्या मांडवात मोठे टोप चढले. सोललेल्या वालांची घमेली, ओल्या खोबऱ्याची परात, मिठाची पिशवी, आणि भोवती सगळा बायकांचा गराडा. कॅमेरा लागला होता, मी काठीला माईक लावून उभी. बिरडं रटरटायला लागलं, मीठ घालायची वेळ आली. मावशीने पिशवीत हात घातला, मूठ भरली, आणि तशीच थांबली.

"बायांनो," ती म्हणाली, "त्या तापात माजी जीभ गेली. मला चव कळत न्हाय. तवापासून आदल्या दिशी ही घरी चाखून सांगते, तुमी जेवताय ते मीठ हिच्या अंदाजाचं हाय." तिने सुनेचा हात धरून पुढे ओढलं आणि मूठ तिच्या ओंजळीत मोकळी केली. "घाल."

चुलीतलं लाकूड तडकलेलं मला कानठळ्या बसल्यासारखं ऐकू आलं. सून कुजबुजली, "आई, नको. चारचौघींत मला जमायचं न्हाय."

"घरी जमतं ना? मग घाल."

गराड्यातल्या एका बाईने विचारलं, "काकी, मग आमाला सांगितलं का न्हाय?"

"भ्याले व्हते," मावशी म्हणाली. "सांगितलं असतं तर तुमी मला बाजूला बसवलं असतं."

मग विचारणारीच पुढे आली, आणि सुनेच्या ओंजळीतून खडे सांडत होते त्याखाली तिने हात धरला. सुनेने मीठ टाकलं. दिग्दर्शकाच्या सगळ्या फिल्मचा कणाच मोडला होता, पण त्याने 'कट' म्हटलं नाही, की परत करून दाखवा म्हटलं नाही. तो नुसता उभा राहिला. एरवी मी त्याची खूप थट्टा करते, पण त्या दिवसासाठी मी त्याची आभारी आहे.

नैवेद्य झाला, पंगत बसली. सून भाताचं घमेलं घेऊन वाढत होती. मावशी कमरेवर हात ठेवून पहिल्या पानासमोर जाऊन उभी राहिली.

"बिरडं कसं झालंय?"

"नेहमीसारखं, काकी. एक नंबर."

"कुनी केलंय?"

तो माणूस गोंधळला. "तुमी."

"मी न्हाय. नीट सांग. कुनी केलंय?"

त्याने घास हातात धरूनच सुनेकडे पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. मावशी मान हलवून पुढच्या पानासमोर गेली आणि तिथेही तेच विचारलं. पंगत संपेपर्यंत तिने एकाही माणसाला सोडलं नाही. सून घमेलं छातीशी धरून मांडवाच्या खांबाला टेकली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माईक धरून मागे मागे चालत होते, आणि माझ्या कानात एकामागून एक सगळा गाव तिचं नाव घेत होता.