दर सोमवारी सरांचा पाठ यायचा

बिरादार सरांवर मी लिहावं, एवढी माझी योग्यता नाही. त्यांच्याबरोबर शिकवलेले शिक्षक आहेत, माझ्याहून हुशार विद्यार्थी आहेत. मी तर त्यांच्या मातीला, अंत्यविधीलाही नव्हतो. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहायची सवय नाही. काही कमीजास्त झालं तर सरांच्या घरच्यांनी सांभाळून घ्यावं. पण गेले काही आठवडे दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितो आहे...

आमचं गाव बसवकल्याण तालुक्यात, कोहिनूर गावाच्या अलीकडं. शाळा कर्नाटक सरकारची, माध्यम मराठी. सर विज्ञान शिकवायचे. फळा, खडू आणि खणखणीत आवाज, एवढ्यावर त्यांचं भागायचं. वर्गात मोठा टीव्ही आला तेव्हा बरेच दिवस त्यांनी त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. मग कुणीतरी त्यांना मोबाइलवर मराठीतले विज्ञानाचे पाठ दाखवले. हलणारी चित्रं, गोड आवाज. सर हरखून गेले आणि रोज टीव्हीवर तेच लावू लागले. मी तेव्हा दहावीत होतो. ते पाठ महाराष्ट्राचे होते. आमच्या मावश्या-आत्या लातूर-उदगीरला दिलेल्या, भाषा एकच, मग अभ्यासही एकच असणार, असं आम्ही धरून चाललो. सरांनीही तेच धरलं. पण तिकडचं पुस्तक वेगळं, आमचं वेगळं. सराव परीक्षेत आम्ही पुस्तकात नसलेलं पानभर लिहिलं आणि विचारलेलं कोरं सोडलं. पेपर वाटून सर खुर्चीत बसून राहिले. मागच्या बाकावरून बालाजी म्हणाला, "सर, आपण उदगीरला जाऊन परीक्षा देऊ की!" वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "तुमचं न्हाई रे चुकलं." त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर थांबून त्यांनी आम्हाला सगळं पुन्हा शिकवलं.

आमच्या पुस्तकाचे मराठीतले पाठ त्यांना कुठंच सापडले नाहीत. तेव्हा ते आपणच करून मोबाइलवर टाकायचे, असं त्यांनी मनाशी घेतलं. पुढं मी कलबुर्गीला शिकायला आलो. सुट्टीत गावी गेलो की पाठ रेकॉर्ड करायला ये, असा त्यांचा निरोप यायचा. घरात मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला, भिंतीवर फळा टांगलेला. समोर कुणी नसलं की त्यांना बोलताच यायचं नाही, म्हणून अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, खुर्चीवर बसवायचे. "प्रकाशाचं परावर्तन मला तोंडपाठ झालंय," अक्का म्हणायच्या, "औंदा मीच बसते दहावीला." सर मध्येच रेकॉर्डिंग विसरून ओरडायचे, "ए, तिकडं काय बघायलास?" आणि तिकडं फक्त कोंबडी असायची.

पाठात पोरांना प्रश्न विचारला की सर बराच वेळ गप्प राहायचे. मी म्हणालो, "सर, ही मोकळी जागा कापून टाकू का?"

"कामून?"

"बघणाऱ्याला वाटंल, मोबाइल अडकला."

"अरे, पोरगं विचार करायलंय. त्याला येळ नको का?" ती शांतता मी कापली नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा सर बरेच वाळले होते. एक वाक्य झालं की दम खायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, लवकर करा म्हणून. पण शाळेत विज्ञानाला दुसरं कुणी नव्हतं. बदली येणारे गुरुजी कन्नडमध्ये शिकवणार आणि पोरं पेपर मराठीत लिहिणार, हेच सरांच्या डोक्यात. दहावीचे सगळे पाठ करून ठेवायचे आणि मगच दवाखान्यात जायचं, असं त्यांचं चाललं होतं. "मी तिथं पडून असलो तरी इथं पाठ आला पाहिजे. असं होतंय का रे?"

होतं, म्हणालो. पाठ आधी इंटरनेटवर चढवून तारीख-वेळ लावून ठेवली की तो त्या वेळेला आपोआप दिसतो, हे मी त्यांना दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी मागच्या वर्षाची तारीख लावली आणि पाठ तिथंच उघडला. "व्हय रे, हे तर आत्ताच आलं!" मग जमलं. दर सोमवारी, शाळेची प्रार्थना संपायच्या वेळेला. एकामागून एक सोमवार ते भरत गेले. लहान पोरासारखे खूश होते. निघताना अक्का मला दारापर्यंत सोडायला आल्या. "तू तरी सांग की त्यांना. पाठ काय, मागून हुतेत. आधी दवाखाना." मी आत जाऊन चाचरत म्हणालो, "सर, अक्का म्हणायल्यात..." सर म्हणाले, "जातो की. थोडंच राहिलंय." मी पाया पडून निघालो. एक मला अजूनही कळत नाही. मी जे शिकवलं त्यानं त्यांची सोय झाली, की थांबायला कारण मिळालं...

मी कलबुर्गीला परत आलो. सोमवारी हॉस्टेलवर पाठ उघडून बघायचो. पाठ आला की बरं वाटायचं. सर सोलापूरला असतील, ऑपरेशन झालं असेल, पडल्या पडल्या मोबाइलवर पोरांचे प्रश्न वाचत असतील, असं मी धरून चाललो. "सर, आजचा पाठ चांगला झाला," असं लिहूनही पाठवलं. उत्तर आलं नाही. दवाखान्यात बोलू देत नसतील, असं वाटलं. माझी सेमिस्टरची परीक्षा सुरू झाली. घरी फोन केला की आई पेपरचंच विचारायची. सरांचं विचारलं की म्हणायची, "तू अभ्यास कर."

शेवटच्या पेपरच्या दिवशीही सोमवार होता. सकाळी विजेचा पाठ आला होता. दुपारी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. ते सहसा फोन करत नाहीत.

"संपले का रे पेपर?"

"संपले."

"समदे?"

"व्हय अप्पा. कामून?"

"तुझे सर गेले रे. तू तिकडं गेलास, अन् आठ-पंधरा दिवसांतच. परीक्षा हाय म्हणून तुला सांगितलं न्हाई."

"सोलापूरला?"

"सोलापूरला गेलेच न्हाईत. दोन पाठ राहिलेत म्हणून थांबले हुते."