मी सुधारलेली लाइन

माह्या हातून आयुष्यात पुष्कळ गाढवपणा झाला, पण याच्यापेक्षा मोठा नाही. सांगतो. चहा थंड होऊ देऊ नका, मधात टोकू नका, अन् हसायचं असन तर खुशाल हसा. मी मनावर घेत नाही.

तुम्हाले माहीत हाये, मी बस स्टँडवर कंट्रोलर होतो. म्हणजे खिडकीतला तो माणूस, ज्याले सारे एकच गोष्ट इचारतात, "मलकापूर गाडी गेली का हो?" आयुष्यभर लोकायले लाइनीत उभं केलं. यात्रेची गर्दी असो, लग्नसराई असो, मी शिट्टी मारली की लाइन सरळ. मले त्याचा लय गर्व होता.

रिटायर झालो अन् वर्षभरात बायको गेली. पोरगा पुण्याले हाये. नेलं होतं त्यानं मले, दोन महिने राह्यलोही. एक दिवस लिफ्टमधी एका बाईले मी सहज म्हणलं, "काऊन ताई, आज उशीर झाला?" तर तिनं भीतीनं मधल्याच मजल्यावर उतरून घेतलं. मंग मी म्हणलं, चाल बाप्पा, आपलं बुलढाणाच बरं.

पण घरी तरी काय होतं? सकाळी पेपर. पेपर किती वाचसान? मी नाव बदलल्याच्या नोटिसाही वाचून काढतो. दिवसभर घरात आवाज म्हणजे फक्त फ्रीजचा. रात्रीचं जेवण कसंतरी जमते, टीव्ही चालू असते. दुपारचं मात्र एकट्यानं घशाखाली उतरत नाही. खरं सांगतो, ताट वाढून घ्यायचो अन् तसंच झाकून ठेवायचो.

अशात मले संगीताताईची गाडी सापडली.

संगीताताई मूळची पिंपळगाव राजाची. जुना टेम्पो घेतला, एक बाजू कापून खिडकी केली, अन् कचेऱ्यायच्या रस्त्यावर लिंबाखाली उभा केला. पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यायचा रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. दुपारी दीडले सुट्टी झाली की सारं सरकारी बुलढाणा तिथं लोटायचं. अर्धा-पाऊण तास नंबर लागत नव्हता.

पण आपले लोक उन्हात उभे राहतीन का? नाही. आपल्याकडे नंबर लावायची रीत तुम्हाले ठाऊक हाये. कोणी हेल्मेट ठेवते, कोणी पिशवी, कोणी फाइल, अन् साहेब लोक पलीकडे सावलीत चहा पित बसतात. एका तलाठ्यानं तर चप्पल ठेवली होती, एकच. दुसरी पायात होती. चाळीस हात लांब लाइन, अन् तिच्यात जिवंत माणसं दोनच. एक मी अन् दुसरे वानखडे.

वानखडे म्हणजे जमीन मोजणी ऑफिसातले. पन्नाशीतला माणूस, काडीसारखा. घर संग्रामपूरकडे, बायको तिथं शेती पाहते, हे इथं खोली करून एकटे. पहिल्या दिवशी मी त्यायच्या मागं उभा राह्यलो. ते म्हणाले, "ऊन लय हाये." मी म्हणलं, "हाव, हाये." बस, तिथून जी गाडी सुटली ते पाच महिने चालली.

काम आमचं काय, तर खिडकीतून एक ताट गेलं की पुढचं हेल्मेट पायानं सरकवायचं, मंग पिशवी, मंग फाइल. अन् सरकवता सरकवता बोलत राहायचं. वानखड्यायच्या खोलीतला नळ गळका होता, अन् गावी चंद्री नावाची म्हैस होती. चंद्री सहा महिन्याची गाभण होती तवापासून तिले वगार, म्हणजे पारडी, झाली तथपर्यंतचा सारा हालहवाल मले रोजच्या रोज कळायचा. मी त्यायले स्टँडवरचे किस्से सांगायचो. एकदा सांगितलेला किस्सा मी परत सांगितला तरी तो माणूस पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. असा माणूस मिळते का आजकाल? मी सकाळी अकरालेच शर्ट घालून तयार बसायचो.

आता पाहा, सुखाचा जीव दुःखात कसा घालावा.

एक दिवस लाइनीत भांडण झालं. एका वकील साहेबायचं हेल्मेट एका मास्तराच्या पायानं घरंगळून नालीत गेलं. वकील म्हणे मास्तरानं लाथ मारली, मास्तर म्हणे लागली. दोघंही उपाशी, मंग काय पाहता. रस्सा तिकडे आटून गेला. सारे गेल्यावर संगीताताई खिडकीतून म्हणाली, "साहेब, तुम्ही इतके वर्षं स्टँडवरची गर्दी सांभाळली. या लाइनीचं काही करता येते का? मी तर कदरली, वैतागली आता."

मले दोन वर्षांत कोणी काही इचारलं नव्हतं हो. पोरगा फोनवर इचारते, पण काय? "बाबा, गोळी घेतली का?" हे इचारणं नाही, ही हजेरी हाये. अन् इथं एक बाई मले म्हणून राह्यली की साहेब, तुमच्याबिगर होत नाही. माही छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटायची बाकी.

मी म्हणलं, "ताई, उद्या सकाळी देतो."

रात्रभर बसलो. चार फुलस्केप कागद, लाल-निळी पेन, पट्टी. सकाळी दहाले कुपन वाटायचं. कुपनावर नंबर अन् टाइम, गाडीच्या टाइमासारखाच. नंबर एक ते वीस, टाइम एक तीस. एकवीस ते चाळीस, एक चाळीस. भाकरीची खिडकी अलग, रश्श्याची अलग. येणारा लिंबाच्या डाव्या अंगानं येईन, जाणारा उजव्या अंगानं जाईन. बायको गेल्यापासून इतकी मस्त रात्र माही गेली नव्हती. एका गोष्टीचा मात्र इचार केला नाही. कोणती ते तुमच्या ध्यानात आलंच असन. माह्या नाही आलं.

सोमवारी सुरू केलं. मी शिट्टी घेऊन उभा. अन् काय सांगू, योजना अशी चालली की जसा घड्याळाचा काटा. लोक टाइमावर आले, ताट घेतलं, निघाले. एक पन्नासले लिंबाखाली कुत्रं नव्हतं. वानखडे आले, त्यायचा एक चाळीसचा नंबर. मिनिटभरात त्यायच्या हातात ताट. आम्ही एकमेकायकडे पाह्यलं.

ते म्हणाले, "लवकर झालं."

मी म्हणलं, "मंग? पाहा तुम्ही, पुढच्या आठवड्यात आणखी लवकर होते."

वानखडे जेवले, हात धुतला, गेले. मी घड्याळ पाहण्यात गुंग होतो.

तीन-चार दिवसांनी माह्या डोक्यात उजेड पडला. ताट हातात घेऊन मी लिंबाखाली एकटा उभा होतो. वानखड्यायले मी कुपनाच्या हिशेबानं एक चाळीसले बोलावलं होतं, अन् सोतासाठी, देखरेख करायची म्हणून, दोन वाजताचं कुपन ठेवलं होतं. म्हणजे बसस्टँडच्या भाषेत सांगायचं तर मीच आमच्या दोन गाड्यायचा मेळ तोडला होता.

मी ठरवलं, ताईले सांगू की हे बंद कर. पण सांगायच्या आधीच माहा सत्कार निघाला.

हो, सत्कार. आपल्याकडे माणसानं काही चांगलं केलं की त्याले शाल-नारळाशिवाय सोडत नाहीत. टेम्पोसमोर खुर्ची टाकली. ज्याचं हेल्मेट नालीत गेलं होतं तेच वकील साहेब भाषणाले उभे. म्हणाले, "साहेब पाच महिने या लाइनीत उभे राहिले. रोजचा तो कंटाळा, ती निरर्थक बडबड, ते ऊन त्यांनी सोसलं. त्या वैतागातूनच त्यांनी आपल्याला मुक्त केलं!" टाळ्या. मीही वाजवल्या, सवयीनं. मागं गर्दीत वानखडे होते. मी हात केला, पण तथपर्यंत ते वळले होते. ताई म्हणाली, "साहेब, आजपासून तुम्हाले कुपनही लागणार नाही. तुम्ही या, ताट तयार." जिल्ह्यात लाइन पाहिजे असलेला माणूस एकटा मी, अन् मलेच जन्माची माफी.

दुसऱ्या दिवसापासून वानखडे आलेच नाही.

एक दिवस गेला, म्हणलं गावाले गेले असतीन. आठ दिवस गेले. फोन नंबर कधी घेतलाच नव्हता, रोज भेटणाऱ्याचा कोण घेते? तिसऱ्या आठवड्यात मले राहवलं नाही. गेलो मोजणी ऑफिसात.

टेबलावरचा पोरगा म्हणे, "कोणते वानखडे? इथं तीन हायेत."

नाव? मले नाव कुठं ठाऊक होतं? मी म्हणलं, "तेच हो, ज्यायच्या म्हशीचं नाव चंद्री हाये."

सारं ऑफिस हसलं. एक बाई मात्र उठली अन् तिनं मले मागच्या दारानं नेलं. तिथं कंपाउंडच्या भिंतीजवळ एक बाकडं होतं. बाकड्यावर वानखडे बसले होते, मांडीवर डबा. एकटेच. मले पाहून त्यायनं घास तसाच धरून ठेवला.

"डबा सुरू केला का?" मी म्हणलं.

"डबा पहिल्यापासूनच हाये. खानावळीवाली देते."

"मंग गाडीवर काऊन येत होते?"

त्यायनं डब्यात पाह्यलं. "डबा मी रात्री खायचो. तिथं बोलणं व्हायचं तुमच्यासंग, म्हणून यायचो."

आता माही गोष्ट ऐका. मले डॉक्टरनं तो रस्सा कवाचाच बंद सांगितला होता. पोटात आग पडायची, रात्री दूध प्यायचो, अन् दुसऱ्या दिवशी परत जायचो. दोन माणसं पाच महिने लाइनीत उभी होती, अन् जेवाले दोघायपैकी एकही आलेला नव्हता.

मी म्हणलं, "मंग बंद काऊन केलं यायचं? सांगून तरी जायचं होतं."

"सांगू काय?" वानखडे म्हणाले. "भर सभेत म्हणले ना ते वकील, निरर्थक बडबड सोसली म्हणून. मले वाटलं, साहेब खरंच कदरले असतीन. माही ते म्हैस अन् माहा तो नळ, रोज तेच ते. मनाचा मोठेपणा म्हणून तोंडावर बोलले नाही, लाइनच काढून टाकली."

माह्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. एका माणसाले टाळाले चार फुलस्केप कागद लिहिणारा माणूस असा त्यायनं मले समजलं होतं. अन् समजणारच. मी तर त्या दिवशी टाळ्या वाजवत होतो.

मी बाकड्यावर बसलो. म्हणलं, "वानखडे, मी लाइनीले कंटाळलो नव्हतो. मले कोणीतरी काहीतरी इचारलं, एवढ्यानंच मी येडा झालो. घरी कोणी नाही हो माह्या. दुपारी तुमच्याशिवाय मी कोणाशीच बोलत नव्हतो."

त्यायनं मंग डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात अर्धी पोळी अन् मेथीची भाजी घातली, अन् माह्याकडे सरकवलं. म्हणाले, "चंद्रीचं दूध आटलं."

"काय म्हणता? कवापासून?"

"झाले आठ दिवस." अन् सुरू झाले. मी त्या झाकणातलं सारं जेवलो. दुपारचं, घशाखाली, न अडकता.

उद्यापासून मीही डबा आणतो, दीडले इथंच बसू, असं ठरलं. मले इतकं हलकं वाटलं की मी उठून दोन पावलं मागं गेलो, बाकड्याकडे पाह्यलं, भिंतीच्या सावलीकडे पाह्यलं, अन् म्हणलं, "वानखडे, हे बाकडं नाही का, असं चार हात पूर्वेले घेतलं, अन् इथून एक..."

वानखड्यायनं डबा खाली ठेवला अन् दोन्ही हातानं बाकडं घट्ट धरलं.

"साहेब," ते म्हणाले, "पाया पडतो तुमच्या. याले हात लावू नका."