पंख्याखाली

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पिंपरीच्या एका कारखान्यात पाणी गार करायचा जुना मनोरा पाडून नवा बांधायचं ठरलं, आणि भोसरीच्या गवराबाईची झोप उडाली.

जुना मनोरा लाकडी. यंत्रांत तापलेलं पाणी वरून फळ्यांवर सोडायचं, माथ्यावरचा भला मोठा पंखा वारा ओढायचा, आणि पाणी निवत निवत खाली हौदात पडायचं. पंख्याला तेल घालायचं नि फळ्यांवरचं शेवाळ खरवडायचं काम तिच्या नवऱ्याचं, धर्माजीचं. त्यासाठी पात्यांखाली उतरावं लागे. एकदा पंख्याच्या मोटारीचा खटका बंद असताना नुसत्या वाऱ्यानंच पातं फिरलं आणि त्याच्या खांद्याची कातडी सोलून गेलं. तेव्हापासून तो पातं बैलाच्या कासऱ्यानं बांधून मगच आत उतरे. पण कासरा वाऱ्याला पुरा पडेल, मोटारीला कसा पडावा? खटका खाली पंपाच्या खोलीत. तिथून वरचा माणूस दिसतच नसे.

"नव्याला पंखा नसंल म्हणत्यात," धर्माजी भाकरी मोडत म्हणाला. "धुराड्यावानी उंच बांधायचा. गरम हवा आपसूक वर चढती, खालनं गार आत येती. न्हाईतर हाय असाच, पंख्याचा. सायबाचं ठरंना."

"देवा, बिनपंख्याचाच होऊ दे!" तिनं चुलीपुढूनच हात जोडले.

"येडी का काय! पंखाच न्हाई तर तेलवाला कशाला? मला काय धुराड्यात शोभेला बसवत्यात?"

सांजवात लावताना भैरवनाथाकडं काय मागावं तेच तिला सुचेना. हातची नोकरी जाऊ दे, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? नुसतं "सांभाळ बाबा" म्हणायची आणि उठायची.

अखेर पंख्याचाच मनोरा ठरला. उंच मनोरा वीजघरासारख्या अफाट कामाला परवडतो, आपलं पाणी तेवढं नाही. आणि वैशाखाच्या तलखीत पंख्याशिवाय ते हवं तितकं गार व्हायचं नाही, असं साहेब म्हणाले. धर्माजी खुशीत गूळ घेऊन आला. गवराबाईनं तो तोंडात घातला नाही.

जुना मनोरा पाडेपर्यंत त्याची साफसफाई चालूच होती; दुसऱ्या दिवशी धर्माजी त्यात उतरणार होता. ती भाकरी घेऊन गेली ती थेट पंपाच्या खोलीत, आणि खटक्यासमोरच बसली.

"वैनी, कंपनीनं तुमाला पाळीवर घेतलं का?" खटक्यावरचा ज्योतीराम हसला.

"बसू द्या वो भावजी. पाय दुखत्यात."

भोंगा झाला. वर धर्माजी आहे हे सांगायचं विसरून ज्योतीराम सदरा झटकत गेला. पुढच्या पाळीचा सयाजी आला. "अजून बंदच ठेवलाय व्हय!" असं कुरकुरत त्यानं सरळ खटक्याला हात घातला.

गवराबाईनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"वर... वर माणूस हाय!"

सयाजीनं खटक्यावरचा हात झटक्यात मागं घेतला.

थोड्या वेळानं धर्माजी खाली आला आणि तिला बघून तापला. "हितं काय करतीस? लोकं हसत्याल मला!"

सयाजीनं काय होता होता राहिलं ते सांगितलं. धर्माजी तिथंच भुईवर बसला.

"घरी चला," ती म्हणाली.

"खालच्या फळ्या राह्यल्यात अजून," तो म्हणाला. पण उठला नाही.