पेट्रोलचा वास आणि एक खोटा ठराव

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एक ठराव झाला: कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आवारात गाड्या दुरुस्त करायला आत घेऊ नये. कारण लिहिलं होतं, 'कामात लबाडी'. या लबाडीचा एकमेव साक्षीदार मी होतो, आणि साक्ष खोटी होती. सांगताना ती मला खरी वाटत होती, एवढी एक सवलत मी घेतो. नंतरच्या जवळजवळ दोन वर्षांसाठी मला तीही सवलत नाही.

प्रकरण पेट्रोलच्या वासाचं. मी तीस वर्षं स्कूटर चालवली. ती भंगारात गेल्यावर पुतण्याने त्याची जुनी मोटरसायकल मला दिली आणि पहिल्याच सकाळपासून ती वास मारू लागली. आमचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या गाडीच्या डोक्यावर. बायको म्हणायची, "आज पोह्यांवर लिंबाऐवजी पेट्रोल पिळलंय असं समजा आणि खा."

नोकरीत मी भांडारात होतो. कुठून काय गळतं हे आपल्याला कळतं, असा समज तिथून लागलेला. मी गुडघ्यांवर बसून टाकीचं झाकण हुंगलं, नळी हुंगली, सीट हुंगली. वॉचमनने विचारलं, "साहेब, कसली पूजा?" मग मी संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. म्हणजे गाडी उभी असताना गळत नव्हती. इथपर्यंत शास्त्र बरोबर होतं. पुढे मी निष्कर्ष काढला की हल्ली वर्तमानपत्राच्या कागदात दम राहिलेला नाही.

मेकॅनिक गव्हाण गावचा, चाळिशीतला. रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या पार्किंगमध्ये यायचा आणि दुपारपर्यंत पाच-सहा गाड्या करायचा. त्याने माझी नळी बदलली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला, आतली सुई नवीन टाकली. वास तसाच. चौथ्या रविवारी तो हात पुसत म्हणाला, "काका, गाडीत काय नाय. तुमी सकाली चालू कशी करता, ते जरा मला बगू द्या."

"तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी गाडी चालू करतोय," मी म्हणालो.

"तसं नाय वो. बगितल्याबिगर कलनार कसं?"

"बघायचं असेल तर गाडी बघ. मला काय बघतोस?"

तो हसला. ते हसणं मला झोंबलं. पुढच्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. पार्किंगचा विषय निघाला आणि मी उठून सांगितलं की हा माणूस चांगला माल काढून घेतो आणि जुना बसवतो, म्हणून दर रविवारी तीच गाडी पुन्हा त्याच्याकडे जाते. मी काही पाहिलं नव्हतं. पण म्हातारा माणूस चष्मा काढून सावकाश बोलला की लोकांना पुरावा मागायची लाज वाटते. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर महिन्याभराने बायकोला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती पार्किंगमध्ये माझ्यामागे उभी राहिली. मी रोजच्यासारखा पेट्रोलचा कॉक उघडला, गाडी स्वतःच्या अंगावर चांगली आडवी कलवली, दहा आकडे मोजले, सरळ केली आणि किक मारायला पाय उचलला.

"अहो, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"तिला झोपवलीत कशाला?"

"पेट्रोल उतरायला."

"ते स्कूटरला करत होतात! आणि हे बघा, उतरलंच आहे सगळं."

खाली नळीतून फरशीवर धार लागली होती. थोडी माझ्या पँटवरही होती. थंडीत स्कूटर अशी कलती करून मगच चालू करायची, हे आमच्या पिढीत ज्याला त्याला माहीत. मी तीस वर्षं रोज सकाळी ते केलं आणि मोटरसायकल आल्यावरही हात थांबले नाहीत. मोटरसायकल इतकी आडवी केली की कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल सरळ जमिनीवर. रात्री कागद कोरडा, सकाळी पोह्यांना वास. सगळं जुळलं.

त्या दिवशी सभासदांना सांगायला हवं होतं. मी काय केलं? गाडी कलवणं बंद केलं आणि वास गेल्यावर सगळ्यांना सांगितलं की जुन्या पनवेलमधल्या एका हुशार मेकॅनिकने एका झटक्यात दोष काढला. दोघातिघांना मी त्याच्याकडे पाठवलंसुद्धा. त्या बिचाऱ्याने माझी गाडी कधी पाहिलीच नव्हती.

इकडे गव्हाणच्या माणसाचा रविवार गेला. मी त्याच्या दुकानावरून जाताना हेल्मेटची काच खाली ओढायचो. करंजाड्यात तशी काच ओढणारा दुसरा म्हातारा नाही, त्यामुळे तो मला लांबूनच ओळखत असणार.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, "तुमच्याने होत नसेल तर मी जाऊन सांगते." मग गेलो. तो चेन घट्ट करत होता. मी सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय, काका," तो मान वर न करता म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या पँटीनं. डाव्या पायाला गुडघ्याखाली रोज पेट्रोल. गाडी अंगावर घेतल्याबिगर तिथं पडतंय व्हय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुमी दाखवायलाच तयार नाय, आनि मी तोंडावर सांगू? वयानं मोठी मानसं तुमी." मग पान्हा खाली ठेवून म्हणाला, "पन मला सांगून काय उपेग? जिथं बोललात तिथं सांगा."

सांगितलं. या वेळच्या सभेत उभा राहिलो, खुर्ची अंगावर कलती करून गाडी कशी कलवायचो तेही दाखवलं. लोक इतके हसले की अध्यक्षांना घंटी वाजवावी लागली. एक बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं." मी कलती खुर्ची सरळ केली आणि बसलो. ठराव रद्द झाला, तो का रद्द झाला तेही लिहून घेतलं गेलं, आणि मी दुसऱ्या दिवशी त्याची प्रत घेऊन दुकानावर गेलो.

त्याने ती नीट वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. पण रविवारी येतोस का विचारल्यावर नकारार्थी मान हलवली. "आता उलव्याला एका सोसायटीत जातो मी. त्यांनी अडचनीत काम दिलं. त्यांना सोडून तुमच्याकडं कसा येऊ?"

मी 'बरोबर आहे' म्हणालो. तेवढं एक वाक्य मी पहिल्या झटक्यात बरोबर बोललो असेन.

आता आमच्या बिल्डिंगमधले लोक बंद पडलेल्या गाड्या ढकलत त्याच्या दुकानापर्यंत नेतात. वाटेत चढ आहे. चढावर ते माझ्या नावाने काय बोलतात ते आमच्या गॅलरीत स्पष्ट ऐकू येतं. बायको म्हणते, आत या. मी बसून राहतो.